स्वतःचाच ब्रेक बूस्टर १९,१५० रुपयांत विकत घेतला, तुम्ही घेऊ नका

लिहू की नको असं महिनाभर चाललं होतं कारण लाज वाटते, गावात आत्ताच लोक हसून राहिले. पण ज्यानं मला तो विकला त्या माणसाचा फोन अजून चालू आहे अन् तो अजून धंदा करून राहिला, म्हणून लिहितो.

आमच्याकडं १९९५ ची कॉन्टेसा आहे, पेट्रोल, इसुझूचं १.८ इंजिन, मरून कलर. बाबांनी संत्र्याच्या पैशातून घेतली होती. वरूड-मोर्शी पट्ट्यातल्या लोकांना माहीत आहे तेव्हा एक आंबिया बहार चांगला गेला की घरात काय काय यायचं. कंपनीनं ही गाडी २००२ च्या आसपास बंद केली, त्यामुळे पार्टसाठी भंगारवाल्यांच्याच पाया पडावं लागते. पण बाबा अजून रोज सकाळी कपडा मारतात म्हणून मी विकत नाही. विकायला हवी होती असं आता बायको म्हणते.

तर २०२४ च्या पोळ्यानंतर ब्रेक कडक झाला. पेडल दाबलं की दगडावर पाय ठेवल्यासारखं, आतून फुस्स आवाज अन् इंजिन गचके खायला लागलं. मी काही अडाणी नाही, ट्रॅक्टरचा हायड्रोलिक पंप मी स्वतः खोलतो, बूस्टर, म्हणजे इंजिनच्या व्हॅक्यूमच्या ओढीनं पायाचा जोर वाढवणारा ब्रेकचा डबा, गेला हे मला एका मिनिटात समजलं. इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा मारायचं, कडक झालं की पाय दाबून ठेवायचा अन् तसंच स्टार्ट मारायचं. बूस्टर चांगला असला तर पेडल थोडं खाली जाते, माझं जागचं हललं नाही. पाईप तपासला, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा एकाच बाजूनं जाऊ देणारा) तोंडानं फुंकून पाहिला, दोन्ही ठीक. म्हणजे आतला डायफ्रॅम, रबरी पडदा, फाटला. एवढं सगळं मीच शोधून काढलं अन् एवढ्या हुशारीनंतर मी फसलो, म्हणून जास्त जळते.

आमचे मिस्त्रीचाचा म्हणाले, "भाऊ, डबा खोलून आतलं रबर बदलता येते, पण मायाकडं ते घडी उघडायचं शिकंजं नाई. घाई करू नका, पाहतो कोणी हाय काय." मी घाई केली. माझंही ऐका ना, नोव्हेंबर म्हणजे आमच्याकडं संत्र्याचा तोडा, व्यापारी दारात, मजूर सापडत नाहीत, त्यात मतदान, अन् पुण्याहून मावसभाऊ पोरंबाळं घेऊन येणार होता अन् त्याला चिखलदरा कॉन्टेसातूनच पाहायचा होता. चाचांसाठी कुठवर थांबणार?

एका भंगारवाल्याकडून नंबर मिळाला, बाहेरच्या राज्यातला. माणूस फोनवर इतका गोड की काय सांगू. "भाईसाहब, ये माल अब बनता नहीं, मेरे पास दो पीस पड़े हैं, कंपनी का ओल्ड स्टॉक, डिब्बाबंद." फोटो पाठवला खोक्याचा. खोक्याचा, बूस्टरचा नाही! मग म्हणे दोन पीसमध्ये बोल्टाचा फरक आहे, तुमचा जुना पाठवा, मी जुळवून नवीन देतो, जुना भंगारात जमा. मला यात काहीच वावगं वाटलं नाही, ट्रॅक्टरचा अल्टरनेटर नाही का आपण असाच जुना देऊन घेत. ६ नोव्हेंबरला पार्सल केलं, ३८० रुपये. त्याच दिवशी ॲडव्हान्स ७,५०० फोनवरून. आठ दिवसांनी "मॅच हो गया" म्हणून ९,००० अन् पॅकिंग-ट्रान्सपोर्टचे ८५०.

एक गोष्ट तेव्हाच खटकायला पाहिजे होती. त्यानं मला एकही प्रश्न विचारला नाही. बूस्टर का फाटला, ब्रेक ऑइल कमी होते काय, मास्टर सिलिंडर (बूस्टरला जोडलेला, ब्रेक ऑइल चाकांकडं दाबणारा पंप) कधी बदलला, काहीच नाही. खऱ्या मिस्त्रीचा पहिला प्रश्न हाच असतो, कारण मास्टर सिलिंडरचं मागचं सील गेलं की ऑइल बाहेर दिसत नाही, सरळ बूस्टरच्या पोटात उतरते अन् रबर खाऊन टाकते. माझ्या गाडीचं ऑइल सहा महिन्यांपासून कमी होत होतं, चाकांपाशी कुठं ओल नाही, मी आपला वरून टाकत राहिलो. म्हणजे त्यानं खराखुरा नवीन दिला असता तरी तोही खराब झालाच असता. तुमचंही ऑइल असं गुपचूप कमी होत असेल तर आधी तिकडं पाहा, बूस्टरच्या मागं लागू नका.

आता तो दिवस. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी, २१ नोव्हेंबरला पार्सल आलं. ओसरीतच खोललं. काळा कुळकुळीत, चकचकीत डबा. अन् वास. ताज्या स्प्रे-पेंटचा वास, इतका की बायको आतून म्हणाली, "काय रंगवून राहिले हो?" मी म्हटलं रंगवत नाही, नवीन पार्टचा वास आहे. अरे पंचवीस वर्षं डब्यात पडलेला माल ताज्या रंगाचा वास कसा मारीन! हे मला आज समजते, रात्री दोन वाजता झोपेतून उठून समजते, पण त्या दिवशी नाकात वास घेऊन उभा होतो तेव्हा समजलं नाही. मागच्या रबरी बुटावर, म्हणजे कव्हरवर पण काळ्या रंगाचे शिंतोडे होते, कंपनी काय रबरावर रंग मारते? कडेच्या घडीवर पेचकसाचे ओरखडे होते. अन् पाईप लागतो त्या नळीजवळ बोराएवढा पोचा होता. तो पोचा पाहून मी काय म्हणालो माहीत आहे? "कुरिअरवाले आपटतात लेकाचे."

चाचांनी हातात फिरवून फिरवून पाहिला. "भाऊ, हे नवं नाई वाटत मले." मला राग आला. मी म्हटलं चाचा तुम्ही फक्त बसवा. बसवायचे १,२०० दिले. साडेसतरा हजाराचा माल आणल्यावर कोणी त्याला जुना म्हटलं की आपल्यालाच शिवी दिल्यासारखं लागते.

खोक्यात एक हातानं लिहिलेली चिठ्ठी होती: 'बूस्टर रिपेअरिंग, १७,३५०'. रिपेअरिंग! मी फोन केला तं म्हणे, "वो टैक्स के लिए ऐसा लिखना पड़ता है भाईसाहब, आपका ही फायदा." मी खूश, जीएसटी वाचला. या एका शब्दानं पुढं माझी कशी लागली ते सांगतोच. चिठ्ठीवर काय लिहिलं आहे ते वाचा, अन् तुम्ही घेतलं ते लिहिलं नसेल तर राहिलेले पैसे पाठवूच नका.

बसवल्यावर ब्रेक लागायला लागला. खरंच लागायला लागला, म्हणून तं विश्वास बसला. हलकी फुस्स होती, पुन्हा फोन केला, म्हणे व्हॉल्व्ह पण बदलावा लागेल, १,८०० भेजो. माझा व्हॉल्व्ह मीच तपासलेला, चांगला होता, तरी भेजले. तो व्हॉल्व्ह अजून येऊन राहिला.

१ डिसेंबर, रविवार. चिखलदऱ्याहून धामणगाव गढीकडं उतरत होतो. मागं माझ्या दोन पोरी अन् मावसभावाचा मुलगा. तिसऱ्या-चौथ्या वळणावर पेडल दगड झालं. बूस्टर गेला म्हणजे ब्रेक पूर्ण जात नाही, पण हजार किलोच्या वरची गाडी, त्यात भरलेली, उतारावर नुसत्या पायाच्या जोरानं थांबवायची म्हणजे काय ते ज्यानं केलं त्यालाच विचारा. दोन्ही पाय पेडलवर, कशीबशी दुसऱ्या गिअरात टाकली, हँडब्रेक ओढला अन् डोंगराच्या बाजूला नालीत चाक घातलं. कोणाला काही झालं नाही. पुढचं मी लिहीत नाही, हात थरथरतो. गाडी ट्रकवर टाकून आणली, ३,५०० रुपये.

चाचांनी बूस्टर काढला अन् काही न बोलता ब्लेडनं रंग खरवडला. काळ्याच्या खाली मरून. २००४ मध्ये बाबांनी गाडी पूर्ण रंगवून घेतली होती, तेव्हा पेंटरनं नीट कागद न लावल्यानं बूस्टरवर रंग उडाला होता. तोच रंग. अन् तो बोराएवढा पोचा, तो मी आठवीत असताना जॅकचा दांडा पाडला त्याचा आहे, बाबांनी कानफटात मारली होती. स्वतःचा पोचा मला ओळखू आला नाही! माझाच बूस्टर, आत सायकलच्या ट्यूबचं ठिगळ, वर सिलिकॉन थापलेलं, अन् तळाशी अर्धी वाटी ब्रेक ऑइल. ऑइलनं ठिगळ सोडवलं.

त्याला १९,१५०, कुरिअर ३८०, फिटिंग १,२००, ट्रक ३,५००. टोटल २४,२३०.

आता पोलिसांचं ऐका. पहिल्या दिवशी ठाण्यात दोन तास बाकावर बसवलं. मग हवालदार साहेब म्हणाले,

"वस्तू आली ना तुमच्याकडं?"

"साहेब, माझीच वस्तू माझ्याकडं आली."

"मंग तं काहीच गेलं नाई तुमचं."

मी चिठ्ठी दाखवली तं म्हणे यात रिपेअरिंग लिहिलं हाय, त्यानं रिपेअर केलं, तुमचं पटलं नाही तं हा दिवाणी मामला. रंग दाखवला, ठिगळाचे फोटो दाखवले, "नवीन पीस" असं त्यानं लिहिलेले मेसेज दाखवले. म्हणे आरोपी बाहेरच्या राज्यातला, तिकडं जाऊन तक्रार द्या. मी म्हटलं साहेब नवीन कायद्यात कलम १७३ आहे, गुन्हा कुठंही घडो, कोणत्याही ठाण्यात माहिती घ्यावी लागते, अन् फसवणुकीचं कलम आता ३१८ आहे. तं म्हणे, "वकील हाय काय तुम्ही?" दुसऱ्यांदा गेलो तेव्हा अर्धं ठाणं नागपूरला अधिवेशनाच्या बंदोबस्ताला. तिसऱ्यांदा साहेब भेटले, अर्ज घेतला, साधा अर्ज, एफआयआर नाही, पोच मागितली तं शिक्का सापडेना. शिक्का! कपाटाची चाबी ज्याच्याकडं तो पण बंदोबस्तात. अन् निघताना हवालदार फाटकापर्यंत आले, मला वाटलं काही दिलासा देतील. म्हणे, "ते कॉन्टेसा विकता काय? मह्या साळ्याले पायजे."

बँकेत गेलो तं तिथली मॅडम स्क्रीनवरून डोकं न काढता म्हणाली पिन तुम्हीच टाकला ना, मग आम्ही काय करणार. हे खरंच आहे, पण बोलायची एक पद्धत असते. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला मी दहा दिवसांनी फोन लावला, तोवर पैसे त्याच्या खात्यात कायले राहतील. तुमचं असं झालं तर लाजत बसू नका, त्याच तासाला लावा, मी लाजण्यात दहा दिवस घालवले. ग्राहक आयोगात आपल्याच जिल्ह्यात तक्रार टाकता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. हे मला ओळखीच्या वकिलानं सांगितलं, ठाण्यातल्या एकानंही नाही.

अन् जुना पार्ट पाठवायचाच असला तर आधी त्याच्यावर कुठंतरी खूण ठोका, चारही बाजूंनी फोटो काढा. नवीन म्हणून आला तर पहिले खरवडून पाहा. दुरुस्त करून घेत असाल तर माणसासमोर बसून घ्या, व्हॅक्यूम गेज लावून दाखव म्हणा, आयडलला १८ ते २० इंचाच्या आसपास काटा आला पाहिजे अन् इंजिन बंद केल्यावरही ब्रेक एक-दोनदा नरम लागला पाहिजे. तो गेज काढायला कंटाळला तर उठून या.

चाचांनी मास्टर सिलिंडरचं किट टाकलं, १,१५० रुपये. त्यांनी एक खरा कारागीरही शोधून काढला, दोन आठवडेच लागले शोधायला. डायफ्रॅम, सील, मजुरी सगळं धरून ६,००० म्हणतो, समोर टेस्ट करून देतो, फक्त जुना डबा पाहिजे. डबा आहे माझ्याकडं. पण वकील म्हणतो तो पुरावा आहे, पंचनामा होईपर्यंत त्याला हात लावू नका. पंचनाम्याला ठाण्यातून कोणी आलं नाही. त्यामुळे बूस्टर युरियाच्या पोत्यात बांधून बाजेखाली ठेवला आहे, गाडी टिनाखाली उभी आहे अन् बाबा रोज सकाळी कपडा मारतात.