आठ तासांची धूळ, चोवीस तासांची हवा

61,360 रुपये. गोव्यातल्या आमच्या वाड्यातली 52 घरं, घरामागे हजार आणि वर 180 जीएसटी. खनिजवाहू ट्रकांच्या रस्त्यालगत चार ठिकाणी हवेतली धूळ मोजून घ्यायला एका खासगी प्रयोगशाळेला हे पैसे दिले. हातात आला चार पानी अहवाल. त्यातले आकडे असे गोंडस की ट्रकवाल्यांनी तो भर ग्रामसभेत आम्हालाच वाचून दाखवला: "तुमच्याच पैशांनी मोजलंय. हवा चांगली आहे."

आम्ही अगदीच अजाण होतो असं नाही. पीएम 10, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतची बारीक धूळ (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तिची चोवीस तासांची मर्यादा 100 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर; पीएम 2.5, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतची, तिची 60. वर्षाच्या सरासरीला 60 आणि 40. हवेच्या राष्ट्रीय मानकांची 18 नोव्हेंबर 2009 ची अधिसूचना. सगळं तोंडपाठ. पण आकडा तयार कसा होतो, हे विचारायचं सुचलं नाही. लाज वाटते ती त्याची.

पीएम 10 मोजणारं मोठं यंत्र, आरडीएस (रेस्पिरेबल डस्ट सॅम्पलर), मिनिटाला साधारण 1.1 घनमीटर हवा ओढतं. आतला सायक्लोन, म्हणजे हवा गरगर फिरवणारा भाग, जाड धूळ खालच्या कपात पाडतो, बारीक धूळ 20 बाय 25 सेंटीमीटरच्या काचतंतूंच्या फिल्टरवर बसते. फिल्टरचं आधीचं आणि नंतरचं वजन यातला फरक भागिले ओढलेली हवा, झाला आकडा. म्हणजे वजनात खोट करायची गरजच नाही, हवेचा आकडा फुगवला की पुरे.

आणि या यंत्राचा ब्लोअर, म्हणजे हवा ओढणारा पंखा, भिंतीपलीकडेही ऐकू येतो. सकाळी दहाला सुरू झालेला आवाज संध्याकाळी सहाला थांबला. चारही दिवस. वाड्याला उलट बरंच वाटलं, पोरं शांतपणे अभ्यासाला बसली. चोवीस तासांचं यंत्र सहा वाजता गप्प कसं, हे 52 घरांतल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही! एवढा एक प्रश्न, आणि पैसे वाचले असते.

अहवालात वेळ लिहिली 'सकाळी 10 ते दुसऱ्या दिवशी सकाळी 10', हवा 1,584 घनमीटर. फिल्टरची वजनं मागितली तर म्हणे ती अंतर्गत नोंद असते. तिसऱ्या पत्राला मिळाली. पहिल्या जागेवर धूळ 124.2 मिलिग्रॅम. ती 1,584 ने भागली की घनमीटरला 78.4 मायक्रोग्रॅम, मर्यादेच्या आत. यंत्र चाललं आठ तास, हवा 528 घनमीटर. त्याने भागली की 235. आठ तासांची सरासरी चोवीस तासांच्या मर्यादेशी थेट ताडता येत नाही, हे मान्य. पण 78.4 हा आकडा खरा धरायचा तर उरलेल्या सोळा तासांत हवेत धुळीचा कणही नव्हता असं मानावं लागतं.

यंत्रावर तासमापक असतो. सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा फोटोसह घ्या, हवेच्या प्रवाहाचाही (मिनिटाला किती घनमीटर) घ्या. फिल्टर धुळीने भरत जातो तसा प्रवाह थोडा उतरतो. आमच्या अहवालात चारही जागी पहिल्यापासून शेवटपर्यंत 1.10, धुळीच्या रस्त्यावर!

पीएम 2.5 चे वेगळे पैसे घेतले होते. त्याचं यंत्रच आलं नाही. ते लहान असतं, मिनिटाला 16.67 लिटर हवा ओढतं, म्हणजे दिवसाला फक्त 24 घनमीटर, आणि फिल्टर 47 मिलिमीटरचा गोल. हवा अगदी मर्यादेवर, 60 असली तरी दिवसभरात धूळ जमते जेमतेम 1.44 मिलिग्रॅम, साध्या तराजूचं ते काम नाही. यांनी काय केलं? 78.4 ला 31.4, 71.2 ला 28.5, 83.6 ला 33.4, 66.9 ला 26.8. कॅल्क्युलेटर घ्या: प्रत्येक ठिकाणी बरोबर 0.4 पट.

शेवटचा फिल्टर उतरवला त्याच रात्री अहवाल ईमेलवर. फिल्टर वजन करण्याआधी ठरावीक तापमान-आर्द्रतेत 24 तास ठेवावा लागतो. गोव्याच्या दमट हवेत तर हे टाळून चालतच नाही.

मान्यतेचं प्रमाणपत्र दाखवलं होतं हो, खरंखुरं. पण मान्यता पाणी आणि मातीच्या तपासणीला. मागची यादी उघडून सभोवतालची हवा, आणि ती मोजायच्या पद्धतीचं भारतीय मानक आयएस 5182, भाग 23 (पीएम 10) आणि भाग 24 (पीएम 2.5) आहे का बघा. नसेल तर चहा पाजून परत पाठवा. कोटेशनमध्ये 'एसपीएम' ची, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या एकूण धुळीची, ओळ दिसली तरी सावध व्हा. 2009 पासून ते मानकातच नाही. आम्ही त्याचेही 4,000 भरले.

पडवीतली लाल धूळ दाखवून वाद घालू नका, त्यात आपण हरतो. दहा मायक्रॉन हा हवेतल्या वागणुकीवरून ठरवलेला व्यास आहे. लोहखनिज जड, म्हणून त्याचा साडेचार मायक्रॉनचा कणही हवेत दहाच्या कणासारखा वागतो. डोळ्यांना दिसते ती बहुतेक धूळ कपात पडते, पीएम 10 मध्ये धरलीच जात नाही.

आता दाद मागण्याची कथा. पहिलं कार्यालय म्हणालं, खासगी प्रयोगशाळा आमच्या अखत्यारीत नाही. दुसरं म्हणालं, पहिल्याकडे जा. तिसऱ्याने हवा कायद्याचं कलम 26 तोंडावर फेकलं, की नमुना अधिकाऱ्यानेच घ्यायला हवा होता. अहो, ते कलम धुराड्यातून, नळीतून बाहेर पडणाऱ्या हवेच्या नमुन्याचं. रस्त्याकडेच्या हवेचा तिथं काय संबंध? तुम्हीच येऊन मोजा म्हटलं तर 'यंत्र दुरुस्तीला'. पोलीस म्हणाले, दिवाणी बाब. अर्जावर आवक क्रमांक मिळवायला तीन फेऱ्या, आणि प्रत्येक खिडकीवर तोच प्रश्न: "पण अहवालात तर हवा चांगली दिसते, मग तक्रार कसली?"

शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. अर्धे पैसे, 30,680, अहवाल बघायच्या आधी दिले, ही आमची आणखी एक अक्कल. तुम्ही कच्च्या नोंदी हातात पडेपर्यंत दुसरा हप्ता देऊ नका, आणि वापरलेले फिल्टर परत द्यायची अट करारातच घाला. आमचे चारही फिल्टर 'नियमानुसार नष्ट केले' असं त्यांनी लेखी कळवलंय. ते पत्र तक्रारीला जोडलं आहे.