सोसायटीचा रस्ता: प्लास्टिकचं डांबर की काँक्रीट?

आमच्याकडे दोन्ही आहेत. पुढची गल्ली 2018 मध्ये काँक्रीटची केली, बाजूची 2021 मध्ये प्लास्टिकमिश्रित डांबराची. दोन्ही वेळी मी कमिटीत होतो. हातात दोन कोटेशनं घेऊन बसलेल्यांसाठी हे लिहितोय.

काँक्रीट टिकतं, यात वाद नाही. आमच्या स्लॅबला आजवर खड्डा पडलेला नाही आणि उन्हाळ्यात संध्याकाळी त्यावरून चालताना डांबराइतकी धग लागत नाही. सिमेंटच्या भट्ट्यांमुळे हवेत जाणाऱ्या कार्बनचा विचार मनात होता, म्हणून फ्लाय अॅश, म्हणजे वीजकेंद्रातली कोळशाची राख, मिसळलेलं पीपीसी सिमेंट मागितलं. त्यात 35 टक्क्यांपर्यंत राख चालते.

प्लास्टिकच्या रस्त्याचं तंत्र मदुराईच्या प्रा. राजगोपालन वासुदेवन यांचं; 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पिशव्यांचे बारीक तुकडे साधारण 160 ते 170 अंशांवर तापलेल्या खडीवर टाकतात, खडीला पातळ लेप बसतो आणि मग डांबर पडतं. प्लास्टिकचं प्रमाण डांबराच्या वजनाच्या 6 ते 8 टक्के. लेपामुळे खडीत पाणी कमी शिरतं. पीव्हीसी मात्र अजिबात नको, तापल्यावर त्यातून विषारी वायू निघतो. आम्ही खडी-डांबर तापवून मिसळतात त्या हॉट मिक्स प्लांटवर जाऊन हे डोळ्यांनी पाहिलं, तुम्हीही जा. नुसत्या कागदावर विश्वास ठेवू नका.

माझं मत बदललं ते एका गळतीमुळे. काँक्रीटच्या गल्लीखालची पाण्याची लाइन फुटली. पाणी वर आलं ते स्लॅबच्या सांध्यातून, म्हणून तिथेच फोडलं. पाइप कोरडा! गळती निघाली बरीच पलीकडे. पाणी स्लॅबखालून वाहत सांध्यापर्यंत आलं होतं. दोन दिवस ब्रेकर चालला, तळमजल्यावरच्या आजींना झोप नाही. नंतर क्युरिंगसाठी, म्हणजे नवं काँक्रीट ओलं ठेवून घट्ट व्हावं म्हणून, ओली पोती अंथरून अर्धी गल्ली बंद. ते ठिगळ आजही स्कूटरला दणका देतं. बाजूच्या गल्लीत केबलसाठी खोदलं तेव्हा दुसऱ्या दिवशी गाड्या सुरू होत्या, आणि जोड आता शोधावा लागतो.

डांबराला दोष नाहीत असं नाही. पाणी साचलं की तेही उखडतं, त्यामुळे उतार आणि गटार आधी. पृष्ठभाग झिजताना प्लास्टिकचे कण मातीत किती जातात, ही शंका मलाही आहे. आणि नवा थर देताना जुना खरवडायला लावा, नाहीतर दर वेळी रस्ता चढत जातो आणि पावसाचं पाणी पार्किंगमध्ये येतं.

पर्याय आणखीही आहेत. मुंबई-गोवा महामार्गाच्या एका टप्प्यात पोलादाची मळी (पोलाद बनवताना उरणारा टाकाऊ पदार्थ) वापरली आहे, नागपूर-मनसर बायपासवर डिसेंबर 2024 मध्ये लिग्निनपासूनच्या (लाकूड आणि पिकांच्या काडीत असणारा पदार्थ) जैव-बिटुमेनचा, म्हणजे जैविक डांबराचा, पट्टा झाला. मला त्याचं फार अप्रूप आहे, पण आम्ही विचारलेल्या कंत्राटदारांपैकी कुणी दोनशे मीटरच्या गल्लीला ते द्यायला तयार नव्हतं.

तुमच्या पाइपलाइन नव्या असतील आणि रोज टँकर येत असतील, तर काँक्रीट कदाचित बरं पडेल. आमच्या मागच्या गल्लीचं काम दिवाळीनंतर आहे. तिथे प्लास्टिकचं डांबरच घ्यावं असं मी कमिटीला सांगितलंय. टँकर वळतो ते गेटजवळचे वीस फूट तेवढे काँक्रीटचे.