कॉलेज रोडवरचे तयार कपड्यांचे दालन : शिलाई उत्तम, माहिती अपुरी

नाशिकच्या कॉलेज रोडवर एका परदेशी साखळीचे तयार कपड्यांचे दालन आहे. तेथून मी पुरुषांचे दोन सुती शर्ट घेतले. कपड्याबद्दल तक्रारीला जागा नाही. धुतल्यावर कापड आटले नाही, रंग उतरला नाही, काजांची कड घट्ट आहे आणि बाजूच्या शिवणीत कुठेही दोरा सुटलेला दिसत नाही. विक्रेते अदबीने बोलतात, मापाचा शर्ट शोधून देतात आणि बदलून देतानाही कुरकुर करीत नाहीत.

डाव्या शिवणीच्या आतल्या पट्टीवर एका शर्टाला ‘मेड इन बांगलादेश’ आणि दुसऱ्याला ‘मेड इन इंडिया’ असे छापले आहे. हे शर्ट कोणत्या कारखान्यात शिवले गेले, असे मी काउंटरवर विचारले. विक्रेत्याने संगणकात पाहिले, पण मालाचा क्रमांक आणि कंपनीचे नाव यांपलीकडे त्याला काहीही सापडले नाही.

ही चौकशी अनाठायी नव्हती. ढाक्याजवळच्या सावर येथील राणा प्लाझा या इमारतीला २३ एप्रिल २०१३ रोजी तडे गेले. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरील बँक बंद राहिली, शिवणकामगारांना मात्र कामावर चढवले गेले, आणि इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर झालेल्या सुरक्षा करारावर दोनशेहून अधिक कंपन्यांनी सह्या केल्या, स्वतंत्र अभियंत्यांनी कारखाने तपासले आणि त्यांचे अहवाल खुले झाले. कारखान्याचे नाव हाती असले, तरच ग्राहकाला त्या अहवालांचा उपयोग होतो. नुसत्या देशाच्या नावावरून, कारखान्यात आग लागली तर सुटकेचा जिना मोकळा होता की कुलूपबंद, हे कळत नाही.

बांगलादेशचा माल घेऊच नये, म्हणजे काम आपल्याकडे येईल, असे काही जण सुचवतील. मला ते पटत नाही. डिसेंबर २०२३ पासून तेथील शिवणकामगाराचे किमान वेतन महिना १२,५०० टका (तिथले चलन) झाले; कामगारांची मागणी २३,००० टक्यांची होती. मागणी पुरती मान्य झाली नाही, तरी रस्त्यावर उतरून त्यांनी वाढ मिळवली. ग्राहकांनी पाठ फिरवली, तर आधी त्यांचीच नोकरी जाईल आणि काम त्याहून स्वस्त मजुरी असेल तेथे सरकेल. आपल्या जिल्ह्याला हे नवे नाही. मुंबईच्या गिरण्यांचे काम १९८२ च्या संपाआधीपासूनच भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे वळू लागले होते आणि संपानंतर ते झपाट्याने वळले. पण गिरणी कामगाराचा भविष्यनिर्वाह निधी, भरपगारी रजा आणि आठ तासांची पाळी त्या कामाबरोबर आली नाही. मालेगावात आजही बारा तासांची पाळी आणि विणलेल्या कापडाच्या मीटरवर मजुरी चालते. त्यामुळे ‘मेड इन इंडिया’ एवढ्यावरही माझे समाधान होत नाही.

शिलाई आणि सेवेसाठी मी या दालनाला पाचपैकी तीन गुण देतो. उरलेले दोन कारखान्याच्या नावासाठी राखून ठेवले आहेत. अनेक मोठ्या कंपन्या आपल्या पुरवठादारांची यादी संकेतस्थळावर देतात, तेव्हा मालाच्या क्रमांकाशेजारी कारखान्याचे नाव छापणे अशक्य नाही. तशी लेखी विनंती मी व्यवस्थापकांकडे दिली आहे आणि त्यांनी ती मुख्य कार्यालयाकडे पाठवण्याचे मान्य केले आहे.