घरच्या कॉम्प्युटरला अँटीव्हायरस विकत घ्यायचा, की विंडोजमधला डिफेंडर बास?

मागच्या आठवड्यात मामाचा फोन आला, थेट दुकानातून. नवीन लॅपटॉप घेतला होता, बिल व्हायचं बाकी होतं आणि काउंटरवरचा मुलगा म्हणत होता की काका अँटीव्हायरस टाकूनच देतो, तीन वर्षांचा घ्या, स्वस्त पडेल. मामा मला विचारतोय, "काय रे, टाकू का नको? हा म्हणतोय त्याच्याशिवाय नेटच चालू करू नका." म्हटलं मामा तू नुसता लॅपटॉप घेऊन घरी जा, बाकीचं रविवारी येऊन बघतो. हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो, म्हणून एकदाच दोन्ही बाजू नीट लिहून ठेवतोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. विंडोज 11 असेल, अपडेट्स चालू असतील आणि वापर म्हणजे नेट, बँक, फोटो, मुलांचे प्रोजेक्ट एवढाच असेल तर विकतचा घ्यायची गरज नाही. पण काही घरं अशी आहेत जिथे मी स्वतः घ्या म्हणतो, ती पुढे येतील.

आपल्याकडे अँटीव्हायरस टाकलाच पाहिजे ही सवय उगाच नाही लागली. विंडोज एक्सपीच्या काळात त्यात स्वतःचा अँटीव्हायरसच नव्हता, सायबर कॅफेत पेन ड्राइव्ह लावला की घरी काहीतरी घेऊनच यायचा आणि दर सहा महिन्यांनी मशीन फॉरमॅट करणारा एक मुलगा प्रत्येक गल्लीत असायचा. क्विक हील या आपल्याकडच्या अँटीव्हायरसची सुरुवातच तशी आहे, पुण्यात कैलास काटकर यांचं दुरुस्तीचं दुकान, दुरुस्तीला आलेल्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडायचे आणि धाकटे भाऊ संजय यांनी ते काढणारं सॉफ्टवेअर लिहिलं, 2016 मध्ये ती कंपनी शेअर बाजारात गेली. म्हणजे गरज खरीच होती. मायक्रोसॉफ्टने 2009 मध्ये सिक्युरिटी एसेन्शियल्स नावाचा फुकट अँटीव्हायरस वेगळा डाउनलोड करायला दिला आणि 2012 च्या विंडोज 8 पासून डिफेंडर म्हणून तो आतच बसवला. सुरुवातीची काही वर्षं तो टेस्टमध्ये सपाटून मार खायचा हेही खरंय, आणि दुकानदाराच्या डोक्यात अजून तोच डिफेंडर बसलाय.

व्हायरस पकडायचं काय

जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कंपॅरेटिव्हज या दोन लॅब अँटीव्हायरसच्या परीक्षा घेतात. एव्ही-टेस्टमध्ये डिफेंडरला गेली काही वर्षं प्रोटेक्शनसाठी बऱ्याचदा 6 पैकी 6 मिळतात, विकतच्या मोठ्या नावांनाही तेवढेच. म्हणजे नेट चालू असताना दोघांत घरच्या माणसाला जाणवेल असा फरक राहिलेला नाही.

फरक पडतो तो नेट बंद असताना. डिफेंडर बराचसा मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारून ठरवतो की ही फाइल बरी की वाईट, त्यामुळे ऑफलाइन टेस्टमध्ये तो विकतच्या बऱ्याच जणांच्या मागे पडतो. शहरात फायबर घेतलेल्या माणसाला याचं काही नाही, पण गावाकडे मोबाइलचं हॉटस्पॉट लावून आठवड्यातून दोनदा नेट चालू होणारं मशीन असेल आणि त्यात सगळं काही पेन ड्राइव्हनेच येत असेल तर तिथे विकतचा उजवा.

पेन ड्राइव्हवरून आठवलं. भाची दहावीला असताना प्रोजेक्टची प्रिंट काढायला झेरॉक्सवाल्याकडे गेली, घरी येऊन पेन ड्राइव्ह लावला तर सगळ्या फोल्डरच्या जागी शॉर्टकट, प्रत्येकाच्या कोपऱ्यात तो छोटा बाण. तिने रडायचंच बाकी ठेवलं होतं. खरे फोल्डर गेलेले नसतात, व्हायरस ते हिडन करतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट ठेवतो, म्हणजे तुम्ही त्यावर क्लिक केलं की आधी तो चालतो आणि मग तुमचा फोल्डर उघडतो. डिफेंडरने लावल्या लावल्या काही केलं नाही, कारण पेन ड्राइव्ह नुसता लावला म्हणून तो आपणहून पूर्ण स्कॅन करत नाही, फाइल उघडायला गेलं की बघतो. मी राइट क्लिक करून स्कॅन लावला तेव्हा एक स्क्रिप्ट पकडून काढून टाकली, पण हिडन झालेले फोल्डर काही परत दाखवले नाहीत, ते मला कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे टाइप करून हुकूम द्यायच्या काळ्या खिडकीत, हिडन काढणारी अ‍ॅट्रिबची कमांड मारून काढावे लागले. विकतचे बरेच अँटीव्हायरस पेन ड्राइव्ह लावल्याबरोबर स्कॅन करू का विचारतात. ज्याच्याकडे दिवसाला एखादा पेन ड्राइव्ह येतो त्याला ही सोय खरंच कामाची, बाकीच्यांनी राइट क्लिकची सवय लावून घ्यावी.

मशीन स्लो होतं का

होतं, दोघांनीही. डिफेंडर हलका आहे म्हणणाऱ्याने जुन्या हार्ड डिस्कच्या, 4 जीबी रॅमच्या लॅपटॉपवर टास्क मॅनेजर उघडून बघावं, अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल नावाची गोष्ट, म्हणजे डिफेंडरच, डिस्क पार 100 टक्क्यांवर नेऊन बसवते आणि तुम्ही वर्डची फाइल उघडायची वाट बघत बसता. फाइली कॉपी करताना आणि नवीन सॉफ्टवेअर टाकताना काही विकतचे याच्यापेक्षा हलके निघतात, हे मान्यच करायला पाहिजे. पण अशा मशीनला अँटीव्हायरस बदलून फार फरक पडत नाही, एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क, टाकली की पडतो, आणि एसएसडी असली की मग कुठलाही चालवा, कळत पण नाही.

आणि एक, दोन-दोन टाकू नका. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. विकतचा टाकला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो ते ठीक, पण विकतचा एक आणि वर आणखी एक फुकटवाला असं करून ठेवलेलं मशीन मी बघितलंय, माउस हलवला की दोन सेकंदांनी हलायचा.

कटकट आणि पैसे

डिफेंडर गप्प असतो. विकतचा गप्प बसत नाही. रिन्यू करा, व्हीपीएन घ्या, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये इतक्या जंक फाइल सापडल्या, पासवर्ड मॅनेजर ट्राय करा, आणि हे सगळं पैसे भरलेल्या माणसाला. पहिल्या वर्षाची किंमत आणि रिन्यूअलची किंमत यात तफावत असते, ऑनलाइन घेतला असेल तर कार्डवर ऑटो रिन्यूअल चालू आहे का ते आधी बघा. नवीन लॅपटॉपमध्ये एखादा ट्रायल आधीच टाकलेला असतो, तो संपायला आला की इतकं घाबरवतो की माणूस निमूट पैसे भरून मोकळा होतो.

मग कुणी म्हणेल की दुसऱ्या कंपनीचा फुकटवाला टाकू. फुकट ते पौष्टिक, पण इथे जरा थांबा. अवास्ट या फुकट अँटीव्हायरसवाल्यांची जम्पशॉट नावाची एक कंपनी होती, वापरणारे नेटवर काय काय बघतात ती माहिती गोळा करून विकायची, 2020 मध्ये बोभाटा झाल्यावर ती बंद केली आणि 2024 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यापायी 1.65 कोटी डॉलर भरायला लावले. डिफेंडर फुकटच आहे आणि आत आयता बसलेला आहे, त्यामुळे तिसऱ्याचा फुकटवाला टाकायचं कारण मला तरी आता दिसत नाही.

विकतच्यातल्या जास्तीच्या गोष्टी, म्हणजे पॅरेंटल कंट्रोल, बँकेसाठी वेगळा ब्राउझर वगैरे. मुलांवर लक्ष ठेवायला मायक्रोसॉफ्टचं फॅमिली सेफ्टी फुकट मिळतं, थोडं किचकट आहे पण चालतं. बँकेच्या ब्राउझरसाठी पैसे भरले आणि तो सहा महिन्यांत एकदाही उघडला नाही असेच लोक मला भेटलेत. विकतच्याचा खरा फायदा मला एकच वाटतो, फोन लावला तर समोर माणूस असतो, हिंदीत बोलतो आणि स्क्रीन बघून काम करून देतो. ज्यांच्या घरात विचारायला कुणी नाही त्यांच्यासाठी ते पैसे वाया नाहीत.

जिथे दोघेही हात टेकतात

आमच्या शेजारच्या काकांच्या स्क्रीनवर उजव्या कोपऱ्यात सारखं यायचं, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस, अँटीव्हायरस एक्स्पायर झालाय. ते घाबरून दुकानात गेले, विकतचा टाकून घेतला, घरी आले, पुन्हा तेच. परत दुकानात, दुकानदार म्हणाला वरचं व्हर्जन घ्या. मी जाऊन बघितलं तर व्हायरस-बियरस काही नव्हतं, कुठल्याशा क्रिकेट दाखवणाऱ्या साइटवर त्यांनी नोटिफिकेशनला अलाऊ म्हटलेलं आणि ती साइट क्रोममधून जाहिराती ढकलत होती. क्रोमची सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, तिथून त्या साइटचं नाव काढलं, दोन मिनिटांत विषय संपला. परवानगी काकांनीच दिलेली, त्यामुळे नव्या अँटीव्हायरसला तिथे व्हायरस म्हणून पकडण्यासारखं काही नव्हतंच.

पैसे जातात तेही बहुतेक असेच जातात. बँकेतून बोलतोय म्हणून फोन येतो, एनीडेस्क टाकायला लावतात, आणि दुसऱ्याला लांबून आपली स्क्रीन बघू-चालवू देणारं एनीडेस्क हे चांगलं सरळ सॉफ्टवेअर आहे, त्याला कुठला अँटीव्हायरस का अडवेल? ओटीपी तुम्ही स्वतः वाचून दाखवलात तर त्यात डिफेंडरही काही करत नाही आणि तीन वर्षांचा पॅकही. तिथे 1930 हा सायबर फसवणुकीची तक्रार करायचा सरकारी नंबर पाठ असलेला बरा, पैसे गेले की जितक्या लवकर फोन जाईल तितकं चांगलं.

दुसरी भानगड क्रॅकची, म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर चोरून फुकट चालवायची. फुकट फोटोशॉप, विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करणारी छोटी फाइल, आणि सोबतच्या सूचनेत पहिलीच ओळ, आधी अँटीव्हायरस बंद करा. आपण करतो बंद. मग आत जे येतं ते ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड उचलतं, नाहीतर सगळे फोटो लॉक करून खंडणी मागतं. दार आपणच उघडून दिल्यावर राखणदार फुकटचा होता का पगारी, काय फरक पडतो.

अपडेटचं मात्र लक्षात घ्या

मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीवाल्या व्हायरसने जगभर कॉम्प्युटर लॉक केले तेव्हा ते ज्या भोकातून शिरलं ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेलं होतं. ज्यांनी ते टाकलं नव्हतं ते सापडले. म्हणून अँटीव्हायरस कुठला याच्या आधी मी विंडोज कुठलं ते विचारतो. विंडोज 7 चे अपडेट जानेवारी 2020 मध्ये बंद झाले, त्यावर महागातला अँटीव्हायरस टाकणं म्हणजे आभाळ फाटलेलं असताना ठिगळ लावणं. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, घरगुती मशीनला नावनोंदणी केली तर ऑक्टोबर 2026 पर्यंत सिक्युरिटी अपडेट मिळतात. यात गंमत अशी की विंडोज 10 वरच्या डिफेंडरला नवीन व्हायरसची माहिती 2028 च्या ऑक्टोबरपर्यंत मिळत राहणार, म्हणजे डिफेंडरवर हिरवी टिक दिसेल पण विंडोजची भोकं उघडीच, टिक बघून फसू नका.

तर कुणी घ्यावा

घरूनच धंदा असेल, म्हणजे लग्नपत्रिका-डीटीपीचं काम, टॅक्सची कामं, गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह आणि ईमेलच्या अटॅचमेंट दिवसभर चालू, तर घ्या, त्यात घासाघीस करू नका. आई-वडील एकटे राहतात आणि तुम्ही पुण्यात किंवा परदेशात आहात, फोन सपोर्ट चांगला असलेला घेऊन द्या. नेट क्वचित असलेलं मशीन, त्याचं वर सांगितलंच. बाकी नोकरदार, कॉलेजची मुलं, फोटो आणि बँक एवढंच करणारे, यांनी डिफेंडर ठेवा आणि त्या पैशात थोडी भर घालून एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या, महिन्यातून एकदा फोटो आणि कागदपत्रं कॉपी करायची आणि वायर काढून कपाटात ठेवायची. वायर काढायचीच, कारण लावून ठेवलेली डिस्क खंडणीवाला व्हायरस लॅपटॉपबरोबर तीही लॉक करतो.

डिफेंडर ठेवणार असाल तर दोन गोष्टी चालू करा. विंडोज सिक्युरिटी उघडा, अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोलमध्ये रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शनच्या आत नको असलेली अ‍ॅप्स अडवायचा पर्याय आहे, तो चालू आहे का बघा. आणि व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये अगदी खाली रॅन्समवेअरचा, म्हणजे खंडणीवाल्या व्हायरसचा, भाग आहे, त्यातलं कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस मुळात बंद असतं, ते चालू केलं की अनोळखी प्रोग्रॅमला तुमच्या डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्समध्ये हात घालता येत नाही. ते कधीकधी एखाद्या गेमला किंवा जुन्या सॉफ्टवेअरलाही अडवतं, मग तिथेच जाऊन त्याला परवानगी द्यायची, पहिल्या आठवड्यात थोडा ताप होतो.

रविवारी मामाकडे गेलो तर लॅपटॉपमध्ये ट्रायल आलेलाच होता, तीस दिवसांचा. सेटिंग्जमधून अनइन्स्टॉल केला, रीस्टार्ट केलं आणि विंडोज सिक्युरिटी उघडून डिफेंडर परत चालू झालाय ना ते डोळ्याने बघितलं, कारण काढून टाकायचा आणि बघायचंच नाही असं लोक करतात. मामा शेजारीच बसून होता, म्हणाला, "एवढंच? मग तो पोरगा तीन वर्षांचं काय विकत होता?"