जीपीएस मार्ग शोधणे, नोंदवणे आणि इतरांना देणे : बेळगाव–खानापूर परिसरातील वापराचा अनुभव

इतरांनी नोंदवलेले जीपीएस मार्ग शोधून त्यांवरून चालणे आणि स्वतः चाललेला मार्ग इतरांसाठी खुला करणे, ही दोन्ही कामे मी गेल्या पावसाळ्याच्या आधीपासून सातत्याने करीत आहे. मार्ग शोधण्यासाठी व प्रसिद्ध करण्यासाठी विकिलॉक, नोंदणीसाठी ऑसमअँड, चालताना नकाशा पाहण्यासाठी ऑरगॅनिक मॅप्स आणि नकाशातच भर घालायची असेल तेव्हा ओपनस्ट्रीटमॅप, अशी साधने हळूहळू निश्चित झाली. परिसर बेळगावभोवतीचा आहे : दक्षिणेला येळ्ळूरचा राजहंसगड, पश्चिमेला चंदगड तालुक्यातील महिपालगड व कलानंदीगड, आणि नैऋत्येला खानापूर तालुक्यातील जांबोटी, कणकुंबी व पुढे चोर्ला घाटाचा माथा. या भागात ही साधने कितपत उपयोगी पडतात आणि त्यांच्यावर किती विसंबावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

प्रथम शोधाविषयी. विकिलॉक 2006 साली स्पेनमधील जिरोना येथे सुरू झाले आणि आज जगभरातील लोक तेथे आपले मार्ग ठेवतात. आपल्याकडील नामांकित किल्ल्यांचे मार्ग सहज सापडतात. खानापूरच्या पश्चिमेकडील गावांना जोडणाऱ्या जुन्या पायवाटा मात्र क्वचितच दिसतात. नावाने शोध घेतल्यास पुष्कळ मार्ग हाती लागत नाहीत, कारण 2014 मध्ये बेळगाव शहराचे अधिकृत नाव बदलून बेळगावी झाल्यानंतरचे मार्ग एका वर्णलेखनाने आणि त्याआधीचे दुसऱ्याने नोंदवलेले आहेत. राजहंसगड काहींनी येळ्ळूरचा किल्ला म्हणून लिहिला आहे, आणि रोमन लिपीत ‘येळ्ळूर’ लिहिण्याची प्रत्येकाची पद्धत वेगळी आहे. शिवाय महिपालगड बेळगावकरांच्या सकाळच्या फेरीतला असला, तरी तो कोल्हापूर जिल्ह्यात आणि महाराष्ट्रात मोडतो, त्यामुळे जिल्हा किंवा राज्य निवडून शोधणाऱ्याला तो दिसतच नाही. म्हणून सीमाभागात नाव न टाइप करता नकाशा त्या डोंगरावर आणून तेथील मार्ग पाहणे हीच खात्रीची पद्धत आहे.

सापडलेला मार्ग विश्वासार्ह आहे की नाही, हे ठरवणे अधिक महत्त्वाचे आहे आणि ते बहुतेकांना वाटते त्यापेक्षा सोपे आहे. मार्ग ज्या जीपीएक्स फाइलमध्ये येतो, ती साधी मजकुराची फाइल असते. तिच्यात प्रत्येक बिंदूचे अक्षांश, रेखांश, बहुधा उंची आणि नोंदीची वेळ लिहिलेली असते. वेळेची नोंद कोठेच नसेल, तर तो मार्ग कोणी घरी बसून उपग्रहचित्रावर रेघ ओढून तयार केला असण्याची शक्यता मोठी असते, आणि झाडीखालची वाट किंवा तुटलेला कडा अशा चित्रातून ओळखू येत नाही. बिंदू दाट असून मध्येच एखादी लांब सरळ रेघ दरी ओलांडत असेल, तर तेथे नोंद खंडित झाली होती असे समजावे. माझ्या एका फोनवर बॅटरी वाचवणारी व्यवस्था पडदा बंद होताच मार्गनोंदणी थांबवीत असे. त्या ॲपला पार्श्वभूमीत चालू राहण्याची परवानगी सेटिंगमध्ये जाऊन स्वतंत्रपणे दिल्यानंतरच अखंड नोंद मिळू लागली. नवा फोन घेतलेल्या प्रत्येकाने ही गोष्ट पहिल्या फेरीआधी तपासावी, असे मी आग्रहाने सांगतो.

मात्र वेळेच्या नोंदीचा याहून मोठा उपयोग ऋतू समजण्यासाठी होतो. मलप्रभेचा उगम कणकुंबीला आहे आणि तेथून जांबोटीकडे उतरताना दोन्ही बाजूंनी तिला असंख्य ओढे मिळतात. फेब्रुवारीत कोणी ओढ्याच्या कोरड्या पात्रातून चालत गेला, तर त्याची रेघ नकाशावर अगदी स्वच्छ आणि मोहक दिसते. जुलैमध्ये तीच रेघ माणसाला छातीभर पाण्यात नेऊन उभी करील. जांभ्या दगडाच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांवर, उन्हाळ्यात कोठूनही चालता येते, पण पावसात दगडावर शेवाळ चढते, धुके उतरले की दहा पावलांपलीकडचे दिसत नाही, आणि वर्षभर गुरांच्या खुरांनी जागी राहणारी वाट गवताखाली नाहीशी होते. रेघ मात्र बारा महिने तशीच दिसते. मार्गाच्या शीर्षकात महिना लिहिणारे फार थोडे आहेत, आणि माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतील आपल्याकडची सर्वांत मोठी उणीव हीच आहे. मी आता प्रत्येक मार्गासोबत महिना, शेवटचा पाऊस केव्हा झाला होता, पिण्याचे पाणी कोठे मिळाले आणि कोणता ओढा ओलांडावा लागला, हे लिहितो. त्या ओढ्याजवळ खुणेचा बिंदू ठेवून छायाचित्रही जोडतो.

अचूकतेबद्दल अवास्तव अपेक्षा नसावी आणि अकारण अविश्वासही नसावा. मोकळ्या आकाशाखाली साधा फोन साधारण 5 मीटरपर्यंत अचूक स्थान दाखवतो, आणि त्यासाठी मोबाइलचे नेटवर्क लागत नाही, कारण फोन केवळ उपग्रहांचे संकेत ऐकत असतो. नकाशा आधी उतरवून घेतलेला असला की काम भागते. चोर्ल्याच्या बाजूला नेटवर्क जाते तेव्हा हा फरक ज्याला ठाऊक असतो, तो निश्चिंत राहतो. राजहंसगडाच्या उघड्या माथ्यावर जाताना आणि येताना नोंदवलेल्या रेषा जवळजवळ एकमेकींवर बसतात. जांबोटीच्या पुढे दाट झाडीतल्या अरुंद घळीत मात्र संकेत पानांनी क्षीण होतात, कड्यांवर आपटून वळतात आणि रेघ नागमोडी होते. तेथे दोन पायवाटांमध्ये थोडेच अंतर असेल, तर पडद्यावरील बाणापेक्षा पायाखालची मळलेली वाट खरी मानावी.

उंचीचा प्रश्न वेगळा आहे. उपग्रहांवरून मिळणारी मूळ उंची समुद्रसपाटीपासून मोजलेली नसते, तर पृथ्वीच्या एका गणिती आकारापासून मोजलेली असते, आणि दक्षिण भारतात या दोहोंत बरीच तफावत आहे. आपल्या भागात ती 60 मीटरांहून अधिक भरते. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंच असताना एखादी फाइल 700 मीटरांहून कमी आकडा दाखवते, ती याच कारणाने. काही ॲप ही दुरुस्ती आपोआप करतात, काही करीत नाहीत; त्यामुळे दोन जणांच्या मार्गांची उंची पडताळताना हे ध्यानात ठेवावे. एकूण चढाईचा आकडा तर आणखी सैल असतो, कारण प्रत्येक बिंदूतील लहानमोठी चूक बेरजेत साठत जाते. चढ किती अंगावर येईल, हे समजण्यासाठी समोच्च रेषा, म्हणजे समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या नकाशावरील रेषा, पाहाव्यात. ऑसमअँडमध्ये त्या वेगळ्या उतरवून घेता येतात.

ओपनस्ट्रीटमॅपविषयी मला विशेष आस्था आहे. 2004 साली ब्रिटनमध्ये सुरू झालेला हा नकाशा कोणालाही दुरुस्त करता येतो, आणि ऑरगॅनिक मॅप्स व ऑसमअँड ही दोन्ही ॲप त्याच माहितीवर चालतात. विकिलॉकवर ठेवलेला मार्ग ज्याने शोधला त्यालाच दिसतो. नकाशात काढलेली वाट मात्र पुढच्या सर्वांच्या फोनवर पोहोचते. या नकाशात एकाच ठिकाणाला मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशी नावे स्वतंत्र रकान्यांत भरता येतात, आणि सीमाभागासाठी ही सोय अत्यंत मोलाची आहे. गावाचे नाव बहुतेक वेळा आधीच असते. ओढा, खिंड, देवराई, गवळीवाड्याकडे जाणारी पाऊलवाट यांची नावे मात्र तेथे गुरे राखणाऱ्यांनाच माहीत असतात. एखाद्या मामांजवळ थांबून आपुलकीने विचारले, तर ते केवळ नावच नव्हे, तर पाण्याचा झरा मार्चनंतर आटतो की नाही हेही सांगतात. ती माहिती त्याच दिवशी नोंदवावी. दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून नावे किंवा रेषा उतरवून घेण्यास येथे सक्त मनाई आहे. प्रत्यक्ष पाहिलेले, विचारलेले आणि खुल्या परवान्यातील साहित्यच चालते. शेताच्या बांधावरून गेलेली वाट काढताना ती सार्वजनिक आहे की कोणाच्या मालकीची, हेही विचारून घ्यावे, कारण आपल्या एका रेघेमुळे उद्या त्या शिवारातून अनोळखी माणसांची रांग लागू शकते.

याच कारणासाठी काही मार्ग मी मुळीच प्रसिद्ध करीत नाही. खानापूर तालुक्यातील भीमगड परिसर 2011 पासून अभयारण्य आहे, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात शिरण्यासाठी परवानगी आवश्यक असते. परवानगी घेऊन गेलेल्या कोणी आपली रेघ खुली केली, तर ती विनापरवाना जाणाऱ्याच्या हाती पडते. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांचे उदाहरण याहून गंभीर आहे. तेथील वटवाघळाची एक जात दीर्घकाळ जगात केवळ याच ठिकाणी असल्याचे मानले जात होते. पुढे ती मेघालयात आणि कंबोडियातही आढळली, तरीही तिची वसतिस्थाने मोजकीच आहेत. अशा गुहेच्या तोंडापर्यंत नेणारा अचूक बिंदू कोणत्याही संकेतस्थळावर ठेवणे मला सर्वस्वी अयोग्य वाटते, आणि आधीच ठेवलेला बिंदू दिसल्यास मी संबंधिताला तो काढण्याची विनंती करतो.

बेळगावात राहणाऱ्यांनी आणखी एक दक्षता घ्यावी. 2018 च्या जानेवारीत धावण्याच्या व सायकलिंगच्या नोंदी ठेवणाऱ्या स्ट्राव्हा या ॲपच्या जागतिक नकाशावर धावपटूंच्या नोंदींतून अनेक देशांचे लष्करी तळ उजळून दिसत असल्याचे लोकांच्या लक्षात आले होते. मराठा लाईट इन्फंट्रीचे केंद्र आपल्या शहरात आहे आणि कॅम्प भागात रोज सकाळी शेकडो लोक चालतात. त्या भागातील नोंदी खासगीच ठेवाव्यात, आणि स्वतःच्या घरापासून सुरू होणाऱ्या मार्गाचा सुरुवातीचा तुकडा कापूनच तो प्रसिद्ध करावा.

वर्गणीचे पैसे द्यावेत का, असे अनेक जण विचारतात. विकिलॉकमध्ये मार्गापासून भरकटल्यास इशारा मिळणे, विशिष्ट टापूतून जाणारे सर्व मार्ग शोधणे, अशा काही सोयी वर्गणीदारांसाठी आहेत. महिन्यातून एखाद्या वेळी राजहंसगडावर किंवा वैजनाथाच्या डोंगरावरून महिपालगडाकडे जाणाऱ्यास त्यांची गरज नाही. मोफत खाते, उतरवलेली जीपीएक्स फाइल आणि ऑरगॅनिक मॅप्स एवढे त्याला पुरेसे आहे. अनोळखी रानात गट घेऊन जाणाऱ्याने मात्र वर्गणी भरावी, सोबत पॉवर बँक ठेवावी, आणि निघण्यापूर्वी तीच फाइल गटातील किमान आणखी एका फोनवर घालून ती नेटवर्क बंद असताना उघडते आहे, याची खात्री करून घ्यावी.