मॉलिक्युलर मॉडेल किट: ऑरगॅनिकवाल्यांनी घ्यावंच

गोळे म्हणजे अणू, काड्या म्हणजे बंध, असे जोडून रेणूची प्रतिकृती बांधायचं हे किट कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका सायन्स साहित्याच्या दुकानातून घेतलं. मी एमएस्सीला ऑरगॅनिक केमिस्ट्री शिकवते. टोटल सिंथेसिस (साध्या पदार्थांपासून मोठा रेणू टप्प्याटप्प्यानं घडवणं) म्हटलं की पोरांचे चेहरे पडतात, त्यावर मला यापेक्षा चांगला उपाय सापडलेला नाही.

आम्ही स्ट्रिक्निन बांधलं. आपल्या पश्चिम घाटात काजऱ्याचं झाड असतं ना, त्याच्या बियांतलं विष. १८१८ मध्ये ते वेगळं काढलं, रचना कळायला सव्वाशेहून जास्त वर्षं गेली आणि १९५४ मध्ये अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ वुडवर्ड यांनी ते प्रयोगशाळेत घडवलं. २१ कार्बन, ७ वलयं, ६ कायरल केंद्रं (ज्यांची जोडणी सुलट-उलट अशी दोन प्रकारे होऊ शकते असे कार्बन)! फळ्यावर हे सगळं सपाट दिसतं. हातात घेतल्यावर चारही बाजूंनी कार्बनलाच जोडलेला तो मधला काळा गोळा दिसतो, आणि त्याच्याभोवती वलयं इतकी दाटीनं बसतात की शेवटची काडी घालायला बोट शिरत नाही. एखादं केंद्र उलटं जोडलं की पुढचं वलय जुळता जुळत नाही. कुठला बंध आधी, कुठला नंतर, यावर वुडवर्ड यांनी एवढा विचार का केला असेल, हे पोरांना तिथंच उमगलं.

गोळे पक्के आहेत, भोकं सैल होत नाहीत. दुहेरी बंधाच्या लवचिक काड्या मात्र फार कमी दिल्यात, आणि एवढ्या मोठ्या रेणूला एका डब्यातले कार्बन पुरत नाहीत. दुकानदार काकांनी सुट्या काड्या मागवून दिल्या, पैसेही वाजवीच लावले. नेट-सेटची तयारी करणाऱ्यांनी दोघा-तिघांत मिळून दोन डबे घ्या.