छोट्या तेल कंपनीचा शेअर घ्यावा का? एचओईसी, सेलान आणि ऑइल इंडिया शेजारी शेजारी ठेवून

गावाकडे बोअर मारायची म्हटलं की आधी पाणाड्या येतो. तळहातावर नारळ आडवा धरून शेतभर फिरतो, नारळ उभा राहिला की तिथे खूण करतो. मग गाडी येते, फुटाफुटाचे पैसे लागायला सुरुवात होते. पाणी लागलं तर पाणाड्याचं नाव होतं, नाही लागलं तर शेतकऱ्याचं नशीब खोटं ठरतं. छोट्या तेल कंपनीचा शेअर घेऊ का, असं कुणी विचारलं की मला आधी हेच आठवतं. नारळाच्या जागी जमिनीखालच्या थरांचे सिस्मिक नकाशे असतात आणि बोअरचे पैसे भागधारकांचे असतात, एवढाच फरक.

आपल्या बाजारात जमिनीखालचं तेल काढणं हाच मुख्य धंदा असलेल्या छोट्या कंपन्या बोटावर मोजण्याइतक्या. त्यातल्या दोनच इथे घेतो. पहिली हिंदुस्तान ऑइल एक्सप्लोरेशन, म्हणजे एचओईसी. एचडीएफसी उभी करणाऱ्या ह. ठा. पारेखांनी १९८३ साली सुरू केलेली, खासगी क्षेत्रातली या धंद्यातली आद्य कंपनी. दुसरी सेलान एक्सप्लोरेशन, जी आता अँटेलोपस सेलान एनर्जी या नावाने ओळखली जाते. आणि ज्यांना तेलात पैसे टाकायचेत पण रात्री झोपही हवी आहे, त्यांच्यासाठी तिसरा पर्याय म्हणून सरकारी ऑइल इंडिया. ओएनजीसी मुद्दाम बाजूला ठेवली. २०१८ साली ३६,९१५ कोटी रुपये मोजून हिंदुस्तान पेट्रोलियम विकत घेतल्यापासून तिचा हिशेब पेट्रोल पंपापर्यंत जाऊन पोचतो आणि तुलना भलतीकडेच जाते.

आधी एक गैरसमज काढून टाकू. दोन्ही छोट्या कंपन्यांनी नावात ‘एक्सप्लोरेशन’ मिरवलं, पण हे बरंचसं नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. सेलानची गुजरातमधली बाक्रोल, इंद्रोरा, लोहार ही क्षेत्रं मुळात ओएनजीसीने शोधलेली. मोठ्या कंपनीला ती परवडण्याजोगी नव्हती, म्हणून नव्वदच्या दशकात खासगी हातात आली. एचओईसीचं मुंबईजवळच्या समुद्रातलं बी-८० हेही ओएनजीसीनेच शोधून ठेवलेलं. ‘शोध लागलेली छोटी क्षेत्रं’ या नावाने सरकारने २०१६ साली जो पहिला लिलाव काढला, त्यातून ते एचओईसीकडे आलं. कोऱ्या जागी विहीर खणून बघण्याचा खरा जुगार आज ऑइल इंडियासारख्या सरकारी कंपन्या खेळताहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये अंदमानच्या समुद्रात वायू आढळल्याची बातमी आली ती ऑइल इंडियाच्या विहिरीची. ज्याला शोधाची झिंग हवी आहे त्याला ती सरकारी शेअरमध्ये मिळते, पण एवढ्या मोठ्या डोलाऱ्यात ती जाणवत नाही. गंमतच आहे.

म्हणजे छोट्या कंपनीत ‘खाली तेल आहे का’ हा प्रश्न बहुतेक वेळा सुटलेला असतो. ते किती निघेल, रोज किती निघेल आणि किती वर्षं निघेल, हे मात्र माहीत नसतं. पैसे बुडतात ते याच ठिकाणी.

एचओईसीच्या जुन्या भागधारकांना पीवाय-१ विसरता येणार नाही. तमिळनाडूच्या किनाऱ्याजवळचं, कावेरी खोऱ्यातलं हे वायूचं क्षेत्र. वायू ग्रॅनाइटच्या भेगांमध्ये साठलेला. वाळूच्या खडकात तेल-वायू स्पंजातल्या पाण्यासारखा सगळीकडे मुरलेला असतो, त्यामुळे अंदाज बांधता येतो. भेगांचं तसं नसतं. कुठली भेग कुठल्या भेगेला जाऊन मिळते हे विहीर चालू झाल्यावरच कळतं. २००९ च्या अखेरीला उत्पादन सुरू झालं, आशा मोठ्या होत्या, आणि थोड्याच वर्षांत वायूचा ओघ अपेक्षेच्या खूप खाली गेला. साठ्यांचे आकडे कमी करावे लागले, गुंतवलेल्या पैशातली मोठी रक्कम ताळेबंदातून पुसावी लागली. क्षेत्र शंभर टक्के कंपनीचं होतं, म्हणून घावही शंभर टक्के तिलाच बसला. त्या काळात इटलीच्या एनीसारख्या जगभर तेल काढणाऱ्या कंपनीकडे एचओईसीचा मोठा हिस्सा होता. ‘एनी आहे ना, मग काळजी कसली’ हे वाक्य तेव्हा मी कितीदा तरी ऐकलंय. पुढे एनीनेही हिस्सा विकून काढता पाय घेतला.

नंतरची एचओईसी शहाणी झालेली दिसते. आसाममधल्या डिरोक वायुक्षेत्रात तिचा वाटा सुमारे २७ टक्के, उरलेला ऑइल इंडिया आणि इंडियन ऑइलचा. पण क्षेत्र चालवते एचओईसी. तिथला वायू २०१७ पासून निघतोय. बी-८० चा करार त्याच वर्षीचा, उत्पादन मात्र २०२२ मध्ये. मधली पाच वर्षं करोना, पावसाळा, जहाजं आणि यंत्रसामग्री यांत गेली. समुद्रात दोन विहिरींवर सगळा खेळ असतो तेव्हा एक विहीर रुसली की अर्धं उत्पादन गेलं. शिवाय काढलेलं तेल जहाजात साठवून खेपेने विकायचं. म्हणजे एखाद्या तिमाहीत खेप गेलीच नाही तर विक्री कोसळलेली दिसते आणि पुढच्या तिमाहीत अचानक उसळलेली. ज्यांना हे माहीत नाही ते पहिल्या तिमाहीत घाबरून विकतात आणि दुसऱ्या तिमाहीत हरखून चढ्या भावाने परत घेतात. हा शेअर घ्यायचा तर तिमाही नफ्याकडे बघणं सोडा. वर्षाची बेरीज बघा, आणि साठ्यात किती तेल शिल्लक आहे तेही बघा.

सेलानचा स्वभाव अगदी उलटा. जमिनीवरच्या, कमी खोलीच्या, थोडं थोडं देणाऱ्या विहिरी. गोठ्यात चार-पाच गायी, एखादी आटली तर दूध कमी होतं पण घर चालतं, असा मामला. एक विहीर खणायला समुद्रातल्या विहिरीच्या मानाने किरकोळ खर्च येतो, तेल काढून टँकरने पाठवता येतं, पाऊस पडला म्हणून सगळं ठप्प होत नाही. जुन्या व्यवस्थापनाच्या काळात कंपनीवर कर्ज नव्हतं, लाभांश मिळत असे, आणि वर्षानुवर्षं फारसं काही घडतही नसे. जुन्या विहिरींतून तेलाबरोबर पाणी वाढत जातं, दरवर्षी उत्पादन थोडं थोडं घसरतं. ते थोपवायला नव्या विहिरी आणि जुन्यांची दुरुस्ती सतत करावी लागते. सेलानमध्ये ते पुरेसं होत नव्हतं, अशी भागधारकांची तक्रार असायची. २०२२ मध्ये मालकी बदलली. अँटेलोपसच्या मंडळींनी नियंत्रण घेतलं आणि पुढे दोन्ही कंपन्या एक झाल्या. त्यामुळे आज हा शेअर घेणारा माणूस जुनी सेलान विकत घेत नाहीये. तो नव्या व्यवस्थापनाच्या विस्ताराच्या योजनांवर पैसे लावतोय, आणि त्या गुजरातच्या बाहेरही जातात. जुन्या ‘कर्जमुक्त, शांत’ लौकिकावर विसंबून हा शेअर घेऊ नका.

सेलानच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लोक सहसा पाहत नाहीत, ती म्हणजे कराराची मुदत. जमिनीखालचं तेल कंपनीचं नसतं, सरकारचं असतं. कंपनीकडे ठरावीक वर्षांचा करार असतो. सेलानच्या मूळ क्षेत्रांचे करार २५ वर्षांचे होते. सरकारने २०१६ साली लहान क्षेत्रांना मुदतवाढ देण्याचं धोरण आणलं, पण वाढीव काळात नफ्यातला सरकारचा वाटा दहा टक्क्यांनी जास्त. म्हणजे त्याच विहिरीतलं तेच तेल, पण भागधारकाच्या पदरात पडणारं कमी. वार्षिक अहवालात प्रत्येक क्षेत्रापुढे करार कधी संपतो हे आधी शोधा, मग किंमत-नफा गुणोत्तर काढा. उलट्या क्रमाने केलं तर गुणोत्तर स्वस्त दिसतं आणि ते का स्वस्त आहे ते नंतर कळतं.

आता ऑइल इंडिया. दिग्बोईपासूनचा वारसा, आसामात जुन्या विहिरींचं जाळं, वर्षाला ३० लाख टनांच्या वर कच्चं तेल, निम्म्याहून जास्त मालकी सरकारची. एखादी विहीर आटली तर ताळेबंदावर ओरखडासुद्धा उठत नाही. २०२० मध्ये बागजानची विहीर फुटली, आग लागली, ती पूर्ण आटोक्यात यायला नोव्हेंबर उजाडला. माणसं गेली, गावं उठली, पाणथळ जागांचं नुकसान झालं. एवढा मोठा अपघात होऊनही कंपनी उभी राहिली. अशा एका अपघातानंतर छोटी कंपनी उरणारच नाही. लाभांशही नेमाने येतो, कारण सरकारलाच तो हवा असतो.

पण मोठं असण्याची दुसरी बाजू अशी, की भाव चढला की सरकार हात पुढे करतं. १ जुलै २०२२ रोजी देशात काढलेल्या कच्च्या तेलावर टनाला २३,२५० रुपये असा जादा कर बसला. युक्रेन युद्धामुळे तेल भडकलं होतं, आणि त्या भडक्यातला मोठा घास सरकारने घेतला. कर दर पंधरवड्याला बदलत राहिला आणि डिसेंबर २०२४ मध्ये रद्द झाला. या करातून आधीच्या वर्षात २० लाख पिंपांहून कमी तेल काढणाऱ्या कंपन्यांना सूट होती. म्हणजे तेलाच्या चढ्या भावाचा फायदा छोट्यांच्या वाट्याला मोठ्यांपेक्षा सरळ आला. वायूचंही थोडं तसंच. सरकारी कंपन्यांच्या जुन्या क्षेत्रांतल्या वायूचा भाव एप्रिल २०२३ पासून कच्च्या तेलाच्या दहा टक्क्यांना बांधलेला आहे, आणि त्यावर कमाल मर्यादा आहे. बी-८० सारख्या लिलावातल्या क्षेत्रांना वायूचा भाव आणि गिऱ्हाईक निवडायची मोकळीक आहे. छोट्या कंपनीच्या बाजूने बोलणारा एवढा भक्कम मुद्दा मला दुसरा सापडलेला नाही.

शिवाय ऑइल इंडिया घेताना नुमालीगड रिफायनरीही पदरात पडते. तिची क्षमता ३० लाख टनांवरून ९० लाख टनांवर न्यायचं हजारो कोटींचं काम कंपनीने अंगावर घेतलंय. रिफायनरीचा नफा तेलाच्या भावापेक्षा वेगळ्या तालावर चालतो. तेव्हा ‘तेल वाढणार म्हणून ऑइल इंडिया’ हा हिशेब वाटतो तितका सरळ नाही.

बातम्यांचं काय करायचं? इथे परदेशातली एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. २०१० मध्ये फॉकलंड बेटांजवळच्या समुद्रात लंडनच्या बाजारातल्या दोन छोट्या कंपन्या विहिरी खणत होत्या. मे महिन्यात रॉकहॉपरला ‘सी लायन’मध्ये तेल लागलं आणि शेअर उडाला. शेजारच्या डिझायर पेट्रोलियमने डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आपल्यालाही तेल लागल्याचं जाहीर केलं. काही दिवसांतच खुलासा आला, की ते मुख्यतः पाणी होतं. शेअर एका दिवसात निम्म्याच्या आसपास घसरला. ही कोरड्या विहिरीची गोष्ट सगळे सांगतात. मला त्याहून बोलकी वाटते ती जिंकलेल्या रॉकहॉपरची. तेल खरंच होतं, भरपूर होतं, आणि तरी ते बाहेर काढायला लागणारा पैसा छोट्या कंपनीकडे नव्हता. भागीदार आले, गेले, दुसरे आले. शोधानंतर दीड दशक उलटत आलं तरी त्या क्षेत्रातून विक्रीचं तेल निघत नव्हतं. ज्याने त्या आनंदाच्या दिवशी शेअर घेतला, त्याने काय केलं असेल याचा विचार करा.

म्हणून ‘तेल लागलं’ या बातमीवर विकत घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. छोट्या कंपनीत घ्यायची वेळ येते ती विहीर जोडली गेल्यावर, चार-सहा महिने उत्पादनाचे आकडे स्थिर दिसल्यावर. तोवर भाव थोडा चढलेला असेल, असू दे.

माझा कौल असा. निवृत्तीचे पैसे, मुलीच्या शिक्षणाचे पैसे असतील तर यातलं काहीच नको; फार तर ऑइल इंडिया, तीही लाभांशासाठी आणि थोडी. तेलाच्या भावाबद्दल तुमचं स्वतःचं पक्कं मत असेल आणि अहवाल वाचायचा कंटाळा नसेल, तर दोन छोट्यांपैकी मला जमिनीवरच्या विहिरींचा मामला जास्त समजण्याजोगा वाटतो. एचओईसीमध्ये वाढीची जागा जास्त, पण तिथे प्रवर्तकाचा हिस्सा शून्य आहे. कुणी एक मालक नाही, कंपनी व्यावसायिक मंडळी चालवतात. काहींना हे आवडतं. मला मात्र अडचणीच्या काळात स्वतःचे पैसे अडकलेला कुणीतरी सुकाणूवर बसलेला बरा वाटतो. सेलानमध्ये वेगळीच अडचण. शेअरची संख्या कमी, त्यामुळे विकायला गेलात आणि घेणारा नसला तर दोन-तीन दिवस लोअर सर्किट, म्हणजे एका दिवसातल्या घसरणीची कमाल मर्यादा, बघत बसावं लागतं. घेताना हे कुणाच्या लक्षात येत नाही. (मी सेबीकडे नोंदलेला सल्लागार नाही, हे माझं बघणं आहे.)

एचओईसी घ्यायचीच असं ठरलं असेल तर पावसाळा जाऊ द्या. जून ते सप्टेंबर समुद्रातली बरीचशी कामं थांबलेली असतात, त्यामुळे त्या काळात फिरणाऱ्या ‘लवकरच मोठी बातमी’च्या फॉरवर्डना अर्थ नसतो. विहिरींवर पुन्हा हात पडतो तो दसऱ्याच्या सुमारास, आणि त्याचे आकडे तिमाही निकालात दिसायला संक्रांत उलटून जाते.